पाच गुणांचा अर्ज

आज फळ्यावर अर्जलेखन.
वर उजवीकडे दिनांक, डावीकडे 'प्रति',
मग विषय, मग महोदय,
आणि तळाशी 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'.
मायन्याला एक गुण, विषयाला एक,
मजकुराला दोन, शेवटाला एक.
कारण खरंच असायला हवं का बाई,
नीरजा कोंडविलकरनं विचारलं.
कारणाला वेगळे गुण नाहीत, मी म्हटलं,
आणि अख्खा वर्ग निर्धास्त झाला.

सातवीची एकच तुकडी उरलीय आमच्याकडे.
'ब'च्या खोलीत न फिरणारे पंखे ठेवलेत,
'क'ला कुलूप, किल्ली कुणाकडे
ते मोठ्या बाईंनाही ठाऊक नाही.
मिठागराकडून वारा येतो
आणि डस्टरची पूड
माझ्याच डोळ्यांत परत आणून टाकतो.

अठ्ठावीस वह्या.
सव्वीस जणांना ताप आलाय,
एकाच रात्री, एकाच वाक्यात:
'काल रात्रीपासून मला सडकून ताप भरल्यामुळे'.
हा गाईडमधला ताप.
मी सातवीत होते तेव्हा मलाही हाच भरला होता.
सत्ताविसाव्या वहीत मावशीचं लग्न.

अठ्ठाविसावी सुगत डोळसची.
सुगत, जो पहिल्या तासाला झोपतो,
आणि मी कधी टेबलावर डस्टर आपटते,
कधी पाहून न पाहिल्यासारखं करते.

'विषय : जागा बदलून मिळनेबाबत.
महोदय,
आमच्याकडे पाणी साडेतीनला येते. नळ खाली आहे.
आई चारला केटरिंगमध्ये पोळ्या लाटायला जाते.
मी सहा हंडे वर आनतो. मग बहिणीची वेणी घालतो,
ती सरळ येत नाही म्हणून दोनदा घालतो.
मला सुट्टी नको आहे.
पहिला तास संपेपर्यंत मागच्या बाकावर बसू द्यावे,
तिथे बाईंना दिसत नाही.
आपला आज्ञाधारक'

लाल पेनानं मी 'मिळने'तल्या न-ला गोल केला.
'आनतो'तल्या न-लाही.
मग पेन तसंच धरून बसले.

माझ्या पर्समध्ये एक अर्ज आहे, घडी चारदा मोडलेली.
विषय : मतदारयादीच्या कामातून सूट मिळण्याबाबत.
कारण : प्रकृती अस्वास्थ्य.
सगळे ण जागच्या जागी.
खरं कारण लिहिलं नव्हतं:
की दुपारी शाळा सुटली की यादी घेऊन
मी कोरबा मिठागराचे जिने चढते-उतरते,
'माणसं किती, मयत कोण, लग्न होऊन गेलेली कोण',
घरी पोचून वह्या उघडेपर्यंत अकरा वाजतात,
आणि पहिल्या तासाला
फळ्याकडे तोंड करून मी जरा जास्तच वेळ
तारीख लिहीत असते.
अर्जावर शेरा आला : सबब मान्य नाही.
खाली सही, वाचता न येणारी.

सुगतला साडेचार दिले.
अर्धा शुद्धलेखनाचा कापला.
तो कापायला नको होता,
पण मग बाकीच्यांचा का कापला असं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याला खिडकीशी, शेवटच्या बाकावर बसवलं.
आणि तो झोपला नाही!
पाठीचा कणा ताठ, डोळे ताणून ताणून उघडे,
जणू अर्ज मंजूर झाल्याचं
कर्ज फेडायचं होतं त्याला.
झोप रे, असं कुठली बाई वर्गात म्हणेल?
मी आवाज उतरवला.
पूर्णांक संख्या इतक्या हळू शिकवल्या
की मागच्या रांगेपर्यंत
वजा चिन्ह पोचलंच नसेल.
वीसएक मिनिटांनी त्याची मान
हळूच दप्तरावर टेकली.

बाई, आज आवाज का बसलाय, नीरजानं विचारलं.

ताप, मी म्हटलं.
काल रात्रीपासून.